आधी वाचन की आधी दर्शन? : 'आजी', 'तुंबाडचे खोत' आणि 'तुंबाड'

प्रस्तावना

साहित्यकृतीवर आधारलेला चित्रपट पाहण्यापूर्वी ती कृती वाचावी की न वाचावी, हा प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापकाला प्रत्येक पिढीत नव्याने विचारला जातो. 'श्यामची आई' (1953), 'बनगरवाडी' (1995) किंवा 'शाळा' (2012) या चित्रपटांच्या संदर्भात त्याचे उत्तर फारसे अवघड नव्हते. या कृती वास्तवाच्या अंगाने जाणाऱ्या आहेत. वाचकाने मनात रंगवलेला गाव, शाळा किंवा धनगरांची वस्ती पडद्यावर थोडी वेगळी दिसली तरी मूळ अनुभवाला धक्का लागत नाही. तेथे चर्चा प्रामुख्याने निष्ठेची असते. काय घेतले आणि काय गाळले, एवढेच पाहिले जाते.

भय आणि अद्भुत यांच्या मिश्रणातून घडलेल्या साहित्याची स्थिती मात्र निराळी आहे. इंग्रजीत ज्याला डार्क फॅन्टसी म्हणतात, त्या प्रकाराचा उल्लेख प्रस्तुत लेखात 'भयाद्भुत' असा केला आहे. या प्रकारात जे दिसत नाही त्यावरच परिणाम उभा असतो. एकदा ते पडद्यावर दिसले की वाचकाच्या मनातील आकृती मागे हटते आणि पुन्हा सहसा परत येत नाही. म्हणून येथे आधी वाचन की आधी दर्शन हा क्रम केवळ सोयीचा राहत नाही. आस्वादाचे स्वरूपच त्यावर अवलंबून राहते.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (2018) हा हिंदी चित्रपट या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतो. त्याची मुळे मराठी साहित्यात आहेत; परंतु ती एका पुस्तकात नाहीत. कथेचे बीज नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेतून आले आहे, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (1987) या द्विखंडी कादंबरीवरून सुचलेले आहे. त्यामुळे 'मूळ पुस्तक आधी वाचा' असे सांगायचे झाल्यास नेमके कोणते पुस्तक, असा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही कृती आधी वाचल्याने चित्रपटाचा आस्वाद कसा बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ कृतीचा शोध

नारायण धारप (1925-2008) यांनी भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा या क्षेत्रांत शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. 'समर्थ' ही त्यांची व्यक्तिरेखा, 'लुचाई', 'चेटकीण', 'शपथ', 'ग्रहण' या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या एका मोठ्या वर्गाने ग्रंथालयांतून अक्षरशः झिजेपर्यंत वाचल्या. तरीही मराठी समीक्षेने त्यांची दखल फारशी घेतली नाही. भयकथा आणि रहस्यकथा रंजनपर वाङ्मय म्हणून बाजूला ठेवण्याची प्रथा विद्यापीठीय अभ्यासक्रमांत दीर्घकाळ टिकून राहिली. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांना त्यांच्या नाट्यकर्तृत्वामुळे काही प्रमाणात प्रतिष्ठा लाभली; धारपांच्या वाट्याला तीही आली नाही.

धारपांच्या लेखनातील काही कृती स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत. 'आजी' ही त्यांपैकीच एक. तिचा आधार असलेली किंगची 'ग्रामा' ही कथा 1984 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी 'स्केलेटन क्रू' या संग्रहात समाविष्ट झाली. घरात एकटा राहिलेला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली, भीतिदायक पूर्वायुष्य असलेली आजी, अशी तिची मूळ परिस्थिती आहे. किंगच्या कथेत 'हॅस्टर' हे नाव येते. पण तेही त्याचे स्वतःचे नाही. अँब्रोझ बिअर्स याने 1891 मधील एका कथेत मेंढपाळांचा दयाळू देव म्हणून ते प्रथम वापरले. पुढे रॉबर्ट चेंबर्स, एच. पी. लव्हक्राफ्ट आणि त्याच्या अनुयायांनी त्याला भयकारी रूप दिले. चित्रपटातील 'हस्तर' हा या नावाचा अगदी अलीकडचा अवतार होय.

याचा अर्थ, मूळ कृती शोधत मागे जाणाऱ्या वाचकाला अखेरचे मूळ सापडत नाही. चित्रपटामागे धारप, धारपांमागे किंग, किंगमागे लव्हक्राफ्ट आणि बिअर्स अशी ही साखळी आहे. शिवाय दिग्दर्शकाने स्वतः ही कथा प्रथम वाचली नाही, तर ऐकली. 1993 मध्ये विदर्भातील नागझिरा अभयारण्यात एका मित्राने रात्री ती सांगितल्याचे बर्वे यांनी मुलाखतींतून नमूद केले आहे. छापील कथा मौखिक झाली आणि मौखिक कथा चित्रपट झाली. अशा प्रवासात निष्ठेचा निकष लावणे निरर्थक ठरते. तरीही पूर्ववाचन निरर्थक ठरत नाही. त्याचे मोल कशात आहे, ते पुढे पाहावयाचे आहे.

'आजी' : भयाची दिशा

'आजी' हे शीर्षकच मराठी वाचकाच्या मनात एक पूर्वग्रह जागा करते. आजी म्हणजे मांडी, उबदार गोधडी आणि रात्रीची गोष्ट. मराठी घरात भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी व्यक्ती बहुधा आजीच असते. म्हणजे भीती दाखवणारी तीच आणि भीतीपासून वाचवणारीही तीच. या विश्वासाच्या नात्यालाच भयाचे स्थान बनवणे हे कथेचे खरे बळ आहे. चित्रपट हिंदीत गेल्यावर या शब्दाची जागा दुसरा शब्द घेतो आणि त्यासोबतचे घरगुती संदर्भ काहीसे पातळ होतात. मराठीतून कथा वाचून आलेला प्रेक्षक मात्र हिंदी संवाद ऐकतानाही मनात 'आजी' हाच शब्द धरून असतो. पूर्ववाचनाने त्याला मिळालेली ही पहिली शिदोरी होय.

चित्रपटाची मांडणी 1918, 1933 आणि 1947 अशा तीन कालखंडांत केली आहे. धारपांच्या कथेचे ऋण प्रामुख्याने पहिल्या भागात दिसते. सदाशिव झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते आणि लहानगा विनायक साखळदंडांनी जखडलेल्या म्हातारीजवळ एकटा उरतो. कथा वाचलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग ओळखीचा वाटतो. पुढे काय होईल याचा त्याला अंदाज असतो, म्हणून त्याचे भय कमी होईल असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्याचे लक्ष 'काय होणार' यावरून 'कसे दाखवणार' याकडे वळते आणि वाट पाहण्याचा ताण वाढतो.

परंतु महत्त्वाचा फरक यापुढे आहे. मुलाच्या आणि आजीच्या या मूळ परिस्थितीत भय मुलाकडे चालत येते. मूल निर्दोष असते, असहाय असते, आणि अंधार त्याच्या दिशेने सरकत असतो. चित्रपटाच्या दुसऱ्या भागात ही दिशा उलटते. मोठा झालेला विनायक आईला दिलेला शब्द मोडून पुण्याहून तुंबाडला परततो आणि आपल्या पायांनी भयाकडे चालत जातो. वाड्यातील विहिरीतून तो देवीच्या गर्भात उतरतो, पिठाची बाहुली हस्तरसमोर टाकतो आणि त्याच्या कमरेच्या वस्त्रातील सुवर्णमुद्रा घेऊन वर येतो. जेथून मूल जीव घेऊन पळाले होते, तेथे प्रौढ माणूस पुन्हा पुन्हा जातो. 'आजी' न वाचता 'तुंबाड' पाहणाऱ्याला हा कथाप्रवाह स्वाभाविक वाटतो. कथा वाचून आलेल्याला मात्र हे वळण स्पष्ट दिसते आणि दिग्दर्शकाने बीजात नेमकी कोणती भर घातली हे त्याला कळते. चित्रपटाचे स्वत्व या भरीतच आहे.

रसविचार

हा फरक भारतीय रसविचाराच्या परिभाषेत अधिक नेमका मांडता येतो. भरताने सांगितलेल्या आठ स्थायी भावांत भय आणि जुगुप्सा यांना स्थान आहे व त्यांतून अनुक्रमे भयानक आणि बीभत्स हे रस निष्पन्न होतात. 'आजी'चा स्थायी भाव भय हाच आहे. चित्रपटात पहिल्या भागातील भयानकापासून गर्भगृहाच्या लालसर, मांसल भिंतींमधील बीभत्सापर्यंत प्रवास होतो. परंतु चित्रपटाचा केंद्रवर्ती विकार यांपैकी कोणताच नाही. तो लोभ आहे, आणि लोभ हा भरताच्या स्थायी भावांत नाही. त्याची गणना आपली परंपरा षड्रिपूंमध्ये करते. म्हणजेच रसाच्या प्रांतातील कथा चित्रपटाने नीतीच्या प्रांतात नेली आहे. गरज आणि हाव यांतील भेद सांगणाऱ्या महात्मा गांधींच्या नावावरील वचनाने चित्रपटाची सुरुवात होते, ती याच कारणाने.

या स्थलांतराची किंमतही मोजावी लागली आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने 1970 च्या आपल्या ग्रंथात अद्भुताचे लक्षण म्हणून वाचकाच्या मनातील दोलायमानतेवर भर दिला. घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे निश्चित होत नाही तोपर्यंतच त्या प्रकारचा परिणाम टिकतो. एकट्या, घाबरलेल्या मुलाच्या नजरेतून चालणाऱ्या कथेत अशी शंका राहू शकते. चित्रपटाने मात्र आरंभीच निवेदनातून हस्तरची जन्मकथा सांगून टाकली आहे. समृद्धीची देवी, तिचा पहिला पुत्र, सोन्यानंतर धान्याकडे वळलेला त्याचा हात, इतर देवांचा कोप आणि त्याची कधीही पूजा होणार नाही या अटीवर त्याला मिळालेला आईच्या गर्भातील आश्रय, हे सर्व प्रेक्षकाला ठाऊक होते. शंकेला जागा उरत नाही. गूढकथेची जागा पुराणकथा घेते. हा दोष मानावा की पर्याय, याबाबत मतभेद होऊ शकतात. परंतु काय गमावले याची जाणीव कथा आधी वाचलेल्यालाच होते.

'तुंबाडचे खोत' : नावाची अपेक्षा

हान्स रॉबर्ट याउस याने मांडलेली 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. कोणतीही कृती रिकाम्या मनावर उमटत नाही. आधीच्या वाचनाने आखलेल्या क्षितिजावर ती उगवते. 'तुंबाड' हे नाव ऐकताच मराठीच्या अभ्यासकाचे क्षितिज पेंडशांनी आखलेले असते. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील तुंबाड, जगबुडी नदी आणि खोतांच्या घराण्याच्या अनेक पिढ्यांचा चढउतार अशी अपेक्षा घेऊन तो चित्रपटगृहात शिरतो आणि त्याला भेटतो तो हस्तर. कथानकाच्या दृष्टीने कादंबरीचा आणि चित्रपटाचा काही संबंध नाही. त्यामुळे अशा प्रेक्षकाला प्रथम फसगत झाल्यासारखे वाटणे समजण्यासारखे आहे.

तथापि, ही निराशा ओलांडली की एक आंतरिक नाते दिसू लागते. दोन्ही कृतींत वाडा आहे, वारसा आहे आणि कष्टाविना मिळणाऱ्या संपत्तीने पोखरलेले घराणे आहे. खोती ही कोकणातील महसूल वसुलीची वतनी पद्धत. तिच्या निर्मूलनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले होते आणि प्रत्यक्ष कायदा 1949 मध्ये झाला. चित्रपटाचा अखेरचा भाग 1947 मध्ये घडतो. नवे सरकार वाडा ताब्यात घेणार असल्याची वार्ता विनायकाला येते आणि खजिना एकदाच लुटून नेण्याची घाई सुरू होते. कादंबरी वाचलेल्या प्रेक्षकाला ही घाई एका व्यक्तीची राहत नाही. अस्ताला चाललेल्या एका व्यवस्थेची ती अखेरची धडपड ठरते.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाच्या दृष्टीने या पूर्ववाचनाला आणखी एक महत्त्व आहे. वऱ्हाडात रयतवारी पद्धती असल्याने खोत हा शब्द येथील विद्यार्थ्याच्या अनुभवात नाही. कोकणातील संततधार पाऊसही त्याच्या परिचयाचा नाही. ज्या भागात पावसाची वाट पाहण्यात वर्षे जातात, तेथे अखंड पाऊस हा देवांचा शाप असू शकतो, ही कल्पनाच प्रथम परकी वाटते. पेंडशांचे कोकण वाचलेले असेल तर पडद्यावरील पाऊस केवळ देखावा राहत नाही. त्यामागची माणसे आणि जमीन दिसू लागते.

पेंडशांचा वाचक चित्रपटातील एक उणीवही चटकन ओळखतो. 'रथचक्र'सारखी स्त्रीच्या जिद्दीची कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाच्या तुलनेत 'तुंबाड'मधील स्त्रिया फार अंधुक आहेत. विनायकाला बजावणारी आई पहिल्या भागानंतर नाहीशी होते, पत्नी घरापुरती उरते आणि समृद्धीची देवी तर केवळ गर्भ म्हणून शिल्लक राहते. ज्या कथेचे मूळ शीर्षकच स्त्रीवाचक नात्याचे आहे, तिच्या रूपांतरात हे घडावे, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

लोणार : न वाचलेले पूर्ववाचन

पूर्ववाचन नेहमी छापील असते असे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने 'आजी' किंवा 'तुंबाडचे खोत' वाचले नसले तरी लोणारची कथा त्याने ऐकलेली असते. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर विज्ञानाच्या दृष्टीने जगप्रसिद्ध आहे. लोककथेच्या दृष्टीने मात्र ते लवणासुराचे घर आहे. जमिनीच्या पोटात दडून बसणाऱ्या या असुराच्या भुयारावरील झाकण विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडवले आणि दैत्यसूदन रूपात त्याचा वध केला, असे सांगितले जाते. गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे आणि विवरात सरोवराच्या काठी कमळजा देवीचे स्थान आहे.

जमिनीच्या पोटातील खोल जागा, तेथे लपलेला आसुरी जीव आणि जवळच देवीचे अस्तित्व, हा आकृतिबंध लोणारच्या परिसरात वाढलेल्या प्रेक्षकाला नवा नाही. चित्रपटाचा या कथेशी संबंध होता असे येथे सुचवायचे नाही. प्रेक्षकाचे क्षितिज कसे घडते, एवढेच दाखवायचे आहे. या तुलनेतून 'तुंबाड'चे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. लोणारच्या कथेत झाकण देव उघडतो आणि असुर मरतो; उरते ते खारे पाणी. 'तुंबाड'मध्ये झाकण माणूस उघडतो आणि असुराला मारण्यात त्याला काहीच रस नसतो, कारण असुर मेला तर सोने संपेल. राक्षस जिवंत राहणे ही ज्याच्या चरितार्थाची अट आहे, असा नायक जुन्या दैत्यकथांत सहजी सापडणार नाही. अखेरीस बापाने देऊ केलेले सोन्याने भरलेले वस्त्र पांडुरंग नाकारतो. झाकण पुन्हा बसते ते या नकाराने.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनाचा संबंध थेट वर्गाशी आहे. 'तुंबाड' सप्टेंबर 2024 मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला आणि या खेपेस त्याने 2018 पेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो पाहिलेले विद्यार्थीही पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती जणांना धारप हे नाव माहीत असेल, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. 2025 हे धारपांचे जन्मशताब्दी वर्ष होते. त्या निमित्तानेही त्यांचे साहित्य अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेर का राहिले, याचा विचार व्हावयास हवा होता. ज्या कथेच्या बीजातून व्हेनिस चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला चित्रपट उभा राहिला, ती वर्गात वाचण्याच्या योग्यतेची नाही असे म्हणणे यापुढे कठीण आहे.

रूपांतराचा अभ्यास करताना पुढील क्रम उपयुक्त ठरू शकेल. प्रथम 'आजी' ही कथा वर्गात मोठ्याने वाचावी, कारण ती दिग्दर्शकापर्यंतही कानांवाटेच पोहोचली होती. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मनातील म्हातारीचे वर्णन दहा ओळींत लिहून ठेवावे. मगच चित्रपटाचा पहिला भाग दाखवावा. पडद्यावरील म्हातारी आणि वहीतील म्हातारी यांतील अंतर हाच चर्चेचा विषय करावा. ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे, त्यांच्या वह्यांत बहुधा एकच चेहरा उतरेल. न पाहिलेल्यांच्या वह्यांत निरनिराळ्या आज्या असतील आणि त्यांपैकी काही त्यांच्या स्वतःच्या घरातल्या असतील. वाचन म्हणजे काय, हे समजावण्यास याहून सोपे साधन क्वचितच मिळेल.

समारोप

पूर्ववाचनाने चित्रपटाची मजा जाते, हा आक्षेप कथानकालाच सर्वस्व मानण्यातून येतो. आणि पुस्तक नेहमीच चित्रपटापेक्षा श्रेष्ठ असते, हा दावा पुस्तकाला मोजपट्टी करण्यातून येतो. 'तुंबाड'च्या संदर्भात दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात. येथे आधी वाचावयाचे पुस्तक एक नाही आणि त्यांपैकी एकही चित्रपटात जसेच्या तसे उतरलेले नाही. तरीही 'आजी' वाचून आलेल्याला भयाची उलटलेली दिशा दिसते, 'तुंबाडचे खोत' वाचून आलेल्याला वाड्यामागची व्यवस्था दिसते आणि लोणारची कथा ऐकून आलेल्याला झाकण उघडणारा हात दिसतो.

चित्रपट पाहिल्यानंतरही कथा वाचता येते, यात शंका नाही. पण तेव्हा म्हातारीचा चेहरा आधीच ठरलेला असतो. वाचकाला स्वतःची भीती स्वतः रचण्याची संधी एकदाच मिळते. ती वापरून मग पडद्यासमोर बसणारा प्रेक्षक दिग्दर्शकाशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो. भयाद्भुत साहित्याच्या बाबतीत तरी आधी वाचन, मग दर्शन हा क्रम याच कारणासाठी आग्रहाने सांगावासा वाटतो.